तारा लावायच्या आधी जबड्याचा सांधा ‘सेट’ करायचा? त्या फॉरवर्डला उत्तर

चवथीपासून हा मेसेज आपल्या गोव्यातल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय, सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या, भजनी मंडळाच्या ग्रुपवरसुद्धा, आणि मला तो एवढ्या जणांनी ‘मॅडम हे खरं आहे का’ म्हणून पाठवलाय की एकेकाला उत्तर टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. मी फोंड्यात दातांना तारा लावते, त्यावरच माझं घर चालतं, तेव्हा या भांडणात मी काही तिऱ्हाईत नाही, हे धरूनच वाचा.

मेसेज लांबलचक आहे, खाली हात जोडलेले इमोजी वगैरे. सार असं: वय अठराच्या पुढे गेलं की तारा लावण्याआधी जबड्याचा सांधा त्याच्या ‘खऱ्या जागी’, म्हणजे सेंट्रिक पोझिशनला, आणलाच पाहिजे. ती जागा थ्रीडी स्कॅनवर आणि मशीनवर मोजून कळते. सांधा तिथे यायला तीन ते सहा महिने स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसणारा प्लास्टिकचा साचा, घालायचा. तोंड उघडताना कट्ट आवाज येतो म्हणजे सांधा सरकलेला आहे. डोकेदुखी, मानदुखी, चक्कर, कानात शिट्टी, सगळ्याचं मूळ तिथेच. तारांसाठी दात काढले की जबडा मागे ढकलला जातो आणि सांधा कायमचा बिघडतो. आणि शेवटची ओळ, जिच्यामुळे लोक खरे घाबरलेत: ‘जो डॉक्टर हे न करता तारा लावतो तो तुमच्या सांध्याशी खेळतो.’

यातलं सगळंच खोटं असतं तर बरं झालं असतं, एका ओळीत उडवून लावता आलं असतं. पण तारा लावण्याआधी सांधा तपासायलाच हवा हे शंभर टक्के खरं आहे, मोठ्या माणसांचा तर नक्कीच. भानगड आहे ती पुढे, सांधा तपासणं आणि सांध्याची ‘जागा शोधून सेट करणं’ या दोन वेगळ्या गोष्टी मेसेजवाल्याने एकात घुसळून टाकल्यात.

‘सांध्याची एकच खरी जागा असते’

कानाच्या अगदी पुढे बोट टेकवा आणि तोंड उघडा. बोटाखाली जे हलतं ते खालच्या जबड्याचं डोकं, आम्ही त्याला काँडाइल म्हणतो. ते कवटीच्या एका खोबणीत बसतं, मध्ये एक चकती असते, आणि तोंड उघडताना ते आधी जागच्या जागी फिरतं आणि मग चकतीसकट पुढच्या उतारावरून खाली घसरतं. दाराच्या बिजागरीसारखं एकाच खिळ्यावर फिरणारं हे काम नाही, हा सांधा मुळात सरकण्यासाठीच आहे, बोलताना, गिळताना, जांभई देताना दिवसभर त्याची ये-जा चालूच असते.

मग ‘सेंट्रिक’ आलं कुठून? अमेरिकेत १९२६ साली मॅकॉलम नावाच्या डॉक्टरांनी नॅथॉलॉजिकल सोसायटी काढली, तिथून जबड्याची प्रत्येक हालचाल मशीनवर उतरवायची एक आख्खी परंपरा सुरू झाली, आणि १९७० च्या दशकात रोनाल्ड रॉथ यांनी ती तारांच्या उपचारात आणली. कवळी करणाऱ्याला या कल्पनेचा खरोखर उपयोग आहे हं. तोंडात एकही दात नसलेल्या आजोबांचा जबडा कुठे मिटवायचा याची काही खूणच उरलेली नसते, तेव्हा दर वेळी परत तिथेच येईल अशी एक जागा लागते कामापुरती. पण परत परत सापडते म्हणून तीच निरोगी, आणि बाकी सगळ्या जागा आजारी, असं कुठे ठरलं?

आणि ती जागा तरी नेमकी कोणती म्हणायची. कित्येक वर्षं कॉलेजात शिकवायचे की काँडाइल खोबणीत जेवढं मागे जाईल तेवढं मागे, हनुवटी धरून मागे ढकलायची. मग १९८७ साली प्रॉस्थोडॉन्टिक्सच्या, म्हणजे कवळी-कॅप करणाऱ्यांच्या शाखेच्या, परिभाषाकोशाने तीच जागा उचलून पुढे आणि वर नेऊन ठेवली. माणसांचे सांधे काही त्या साली हलले नव्हते. त्याआधी ज्यांचा सांधा मागे ढकलून ‘सेट’ केला ते सगळे एका रात्रीत चुकीचे ठरले, आणि तरीसुद्धा त्यातले बहुतेक लोक आधीही व्यवस्थित जेवत होते आणि नंतरही जेवतच राहिले.

‘स्कॅनवर आणि मशीनवर ती जागा मोजता येते’

इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त पैसे याच ओळीवर जातात.

ओपीजी काढलाय ना कधी? तो तोंडाचा लांबलचक एक्स-रे. उभं राहायचं, हनुवटी टेकवायची आणि पुढच्या दातांत एक प्लास्टिकची कांडी चावून धरायची, तिच्या खाचेत वरचे आणि खालचे दात समोरासमोर यावे लागतात. आपले खालचे दात एरवी वरच्यांच्या आत असतात, म्हणजे खाचेत यायला जबडा पुढे काढावा लागतो, आणि जबडा पुढे आला की काँडाइलही पुढे येतं. आणि मग त्याच फोटोवर लाल पेनने गोल करून पेशंटला सांगतात, ‘बघा, तुमचा सांधा खोबणीतून पुढे सरकलाय.’ अहो, कांडी देऊन तुम्हीच सरकवलात ना! असा गोल केलेला ओपीजी घेऊन म्हापशाहून एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, रात्रभर झोपल्या नव्हत्या म्हणाल्या. दुखत काहीच नव्हतं, तोंड छान उघडत होतं.

ओपीजी कामाचा नाही असं नाही. दातांची मुळं, अक्कलदाढा, काँडाइलचा ढोबळ आकार, एक बाजू दुसरीपेक्षा फार लहान आहे का, हे त्यात दिसतं आणि मी प्रत्येकाचा बघतेच. फक्त ‘जागा’ त्यावरून सांगू नये.

थ्रीडी स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, हाडासाठी उत्तम. हाड झिजलंय, चपटं झालंय, टोक आलंय, हे त्यात साफ दिसतं. पण चकती त्यात दिसतच नाही, तिला एमआरआय लागतो. आणि काँडाइलच्या पुढे किती मिलिमीटर, मागे किती मिलिमीटर मोकळी जागा आहे हे मोजून जो रिपोर्ट देतात, तर ज्यांना आयुष्यात कधी जबडा दुखला नाही अशा लोकांतही काँडाइल बरोबर मध्यभागी नसणं अगदी कॉमन आहे, कुणाचं पुढे, कुणाचं मागे, एकाच माणसाचं डावं-उजवं वेगळं. स्कॅनच्या वेळी दात कसे मिटले होते त्यावरही आकडा बदलतो, आणि स्कॅनचा कुठला काप निवडून मोजलं त्यावरही. रेडिएशन ओपीजीपेक्षा जास्त ते वेगळंच. युरोपची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा हेच सांगतात की हा स्कॅन सरसकट सगळ्यांना काढायचा नाही, त्या त्या पेशंटला तशी गरज असेल तरच.

राहिलं मशीन. फेसबो, म्हणजे चेहऱ्यावरून जबड्याचं माप घेणारी चौकट, लावायचा, मेणावर बाईट, म्हणजे दात कसे मिटतात त्याचा ठसा, घ्यायचा, दातांचे प्लास्टरचे साचे आर्टिक्युलेटरवर, म्हणजे जबड्यासारख्या उघडमिट करणाऱ्या यंत्रावर, चढवायचे आणि अर्ध्या-एक मिलिमीटरचा फरक वाचायचा. मेण थोडं जाड राहिलं, पेशंट थोडा ताठरला, की तेवढा फरक तिथेच पडतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये सरळ आत डोकावून बघितलं. जबड्याची काहीही तक्रार नसलेले १९ जण घेतले, त्यांचा नेहमीचा बाईट, सेंट्रिक बाईट आणि रॉथच्या पद्धतीचा बाईट, असे तीन बाईट घेऊन एमआरआय काढले. बाईट बदलला म्हणून काँडाइल आत ठरलेल्या जागी गेलं असं काही दिसलं नाही. म्हणजे बाहेर मेणावर आपण काहीही लिहिलं तरी आतल्याला त्याचा पत्ता नाही. १९ म्हणजे फार नाहीत, मान्य, पण समोरच्या बाजूकडे आतून बघून उलटं दाखवणारा असा पुरावा कुठाय?

सांध्याची कंपनं मोजणारी यंत्रं, गालाला चिकटपट्ट्या लावून स्नायूंची वीज मोजणं, हेही हल्ली ‘पॅकेज’मध्ये असतं. अमेरिकेतल्या दंतसंशोधकांच्या संघटनेने २०१० मध्येच निवेदन काढून सांगितलंय की या दुखण्याचं निदान पेशंटची हकिकत आणि हाताने केलेली तपासणी यावर करा, गरज पडली तर एक्स-रे किंवा स्कॅन काढा. त्यात या यंत्रांना कुणी पास केलेलं नाही. स्क्रीनवर रंगीत ग्राफ उड्या मारताना बघून पेशंट इम्प्रेस होतो एवढं मात्र खरं.

‘तीन ते सहा महिने स्प्लिंट घालून सांधा जागेवर आणायचा’

स्प्लिंट वाईट नाही. रात्री दात करकरा चावणाऱ्यांचे दात त्याने वाचतात, काहींचं सकाळचं जखडलेपण कमी होतं, मीही देते. वरचे किंवा खालचे सगळे दात झाकणारा, कडक, रात्रीपुरता, आणि नको वाटला तर काढून ठेवता येणारा.

मेसेजमधला स्प्लिंट तो नव्हे. तो चोवीस तास घालायचा, जेवताना सुद्धा, आणि जबडा पुढच्या किंवा ‘बरोबर’ जागी धरून ठेवणारा. आता दातांचं असं असतं की त्यांना टेकायला काही मिळालं नाही की ते हळूहळू वाढून पुढे येतात आणि सतत दाब मिळाला की आत दबतात. सहा महिने जबडा असा धरून ठेवलात की स्प्लिंट काढल्यावर मागचे दात एकमेकांना टेकतच नाहीत, घास चावता येत नाही. मग डॉक्टर म्हणतात, बघा, सांधा जागेवर आल्यावर तुमचा खरा बाईट दिसला, किती चुकीचा होता, आता तो मिटवायला तारा लावाव्याच लागतील, नाहीतर दाढांवर कॅप. म्हणजे आधी उपाय करून आजार तयार करायचा आणि मग त्या आजारालाच उपाय बरोबर होता याचा पुरावा म्हणून दाखवायचं. हे वाचून कुणी सहव्यावसायिक चिडतील, चिडू देत, पण न दुखणाऱ्या माणसाला हे करायचं कारण मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही.

ज्यांना खरंच दुखतं त्यांचं काय, तर तिथेही हवा बदललीय. २०२३ च्या डिसेंबरात बीएमजे या ब्रिटिश मासिकात जबड्याच्या जुनाट दुखण्याबद्दल मार्गदर्शक सूचना आल्या, त्यात जोरदार शिफारस आहे ती देखरेखीखालच्या जबड्याच्या व्यायामाची, फिजिओथेरपिस्टने हाताने सांधा मोकळा करण्याची आणि समुपदेशनाच्या पद्धतींची. साध्या, काढता येणाऱ्या स्प्लिंटच्या बाबतीत सुद्धा त्यांचा कल ‘नको’कडेच आहे, आणि बाईट कायमचा बदलणाऱ्यांना तर साफ नकार. रात्रीच्या साध्या स्प्लिंटबद्दल मी त्यांच्याइतकी कडक नाही, झिजलेले दात रोज बघते म्हणून असेल, पण ‘सगळ्यांना सक्तीने सहा महिने’ याला त्यात कुठेही आधार नाही.

आणि व्यवहार बघा जरा. आपल्याकडे तारा लावायला येणारी मोठी माणसं कोण, तर लग्न ठरलेल्या मुली, बँकेतले, हॉटेलात रिसेप्शनला असणारे, आणि बोटीवर जाणारे. बोटीवरचा माणूस दोन कॉन्ट्रॅक्टच्या मध्ये घरी असतो तेवढ्या दिवसांत काय ते करून घ्यायचं म्हणून येतो. त्याला दुखत काही नाही आणि तुम्ही त्याची आख्खी सुट्टी स्प्लिंटवर घालवता, मग तो तारा न लावताच परत जातो, आणि भर समुद्रात स्प्लिंट तुटला तर तिथे तो दुरुस्त कोण करणार?

‘कट्ट आवाज म्हणजे सांधा सरकला’

जत्रेतलं खाजं चावताना, पोदेराचा कडक उंडो तोडताना कानाजवळ कट्ट झालं आणि तेव्हापासून धास्ती, असे पेशंट खूप. तो आवाज बहुतेक वेळा चकतीचा असतो. तोंड मिटलेलं असताना चकती जरा पुढे गेलेली असते आणि उघडताना काँडाइल तिच्यावर परत चढतं, ते चढणं म्हणजे कट्ट. एमआरआय काढून बघितलं तर काहीही तक्रार नसलेल्या साधारण एक तृतीयांश लोकांत चकती अशी सरकलेली सापडते. त्यातल्या बहुतेकांचं पुढे काही होत नाही, आवाज वर्षानुवर्षं येत राहतो किंवा आपोआप जातो. न दुखणाऱ्या, न अडकणाऱ्या आवाजावर उपचार करायचा नसतो. फाईलमध्ये लिहून ठेवायचा मात्र असतो, कारण तारा लावल्यावर सहा महिन्यांनी पेशंटचं पहिल्यांदा तिकडे लक्ष जातं आणि तो म्हणतो हे तारांमुळे झालं.

घाबरायचा आवाज वेगळा, खरं तर घाबरायची शांतता वेगळी. आधी कट्ट व्हायचं, एक दिवस ते बंद झालं आणि तोंड दोन बोटांच्या वर उघडेना, जबडा एका बाजूला ओढला जातो, दुखतं. चकती अडकलीय. असं झालं तर तारा-बिरा विसरा आणि लगेच दाखवा. वाळूवर पाय घासल्यासारखा खरखर आवाज येत असेल तर हाडाची झीज असू शकते, तिथे स्कॅनला कारण आहे.

‘डोकेदुखी, चक्कर, कान, सगळं सांध्यामुळे’

हे फार जुनं आहे. सेंट लुईसचे कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टन यांनी १९३४ मध्ये ११ पेशंटांवरून लिहिलं की मागचे दात पडले की काँडाइल मागे जाऊन कानाकडच्या नसा दाबतं, म्हणून कान दुखतो, चक्कर येते. पुढे शरीररचनेच्या अभ्यासकांनी बघितलं तर तसं दाबायला तिथे वाटच नव्हती. पण ही कल्पना जिवंत राहिली, आणि आता ती व्हॉट्सॲपवर आलीय.

चावण्याच्या स्नायूंचं दुखणं कानात आणि कानशिलात जाणवतं हे खरं आहे, कान तपासून अगदी ठीक निघतो आणि गालाचा स्नायू दाबला की पेशंट म्हणतो ‘हेच ते’. जबड्याशी जोडलेली डोकेदुखी हे तर २०१४ च्या जागतिक निदान-निकषांमध्ये वेगळं निदानच आहे. पण ते स्नायूचं दुखणं, काँडाइल दोन मिलिमीटर मागे असल्याचं नाही. आणि चक्कर येत असेल तर आधी बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात कान-नाक-घसा विभागात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, बीपी बघा, शुगर बघा. दातांच्या डॉक्टरकडे चक्कर घेऊन येऊ नका हो.

‘दात काढून तारा लावल्या की सांधा जातो’

याच्या मागे एक कोर्टकेस आहे. १९८७ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये एका मुलीच्या बाजूने निकाल लागला, तारांसाठी दात काढले आणि त्याने सांधा बिघडला असं ज्युरीने मानलं, साडेआठ लाख डॉलर भरपाई. त्या निकालाने तिकडचे तारावाले डॉक्टर हादरले आणि त्यातूनच या विषयावर पैसे घालून संशोधन झालं. ते बाहेर आलं तेव्हा दात काढलेले आणि न काढलेले यांच्यात सांध्याच्या तक्रारींचा फरक सापडला नाही.

माझ्या दृष्टीने सगळ्यात वजनदार काम कार्डिफचं. तिथे १९८१ पासून ११-१२ वर्षांची हजारावर मुलं घेतली आणि पुढे जवळजवळ वीस वर्षं, जेवढी हाताला लागली तेवढ्यांचा मागोवा घेतला. २००९ मध्ये निष्कर्ष छापला: तारांमुळे जबड्याचं दुखणं होत नाही आणि तारांमुळे ते टळतही नाही. हे दुसरं वाक्य आमच्या धंद्यातल्यांनीही वाचावं, ‘तारा लावा, डोकेदुखी जाईल’ असं सांगणारेही आहेतच. मोठेपणी कुणाला दुखेल याचा अंदाज दोनच गोष्टींवरून येत होता, बाई असणं आणि शाळेच्या वयातच तक्रार असणं.

मग तारा लावलेल्यांना दुखायला लागतं ते का? कारण हे दुखणं होतं त्याच वयात, जेव्हा मोठी माणसं तारा लावतात. अमेरिकेत १८ ते ४४ वयाच्या हजारो निरोगी लोकांवर नजर ठेवून केलेल्या ओपेरा अभ्यासात दर वर्षी साधारण शंभरातल्या चौघांना हे दुखणं आयुष्यात पहिल्यांदा झालं, तारा असोत नसोत. तारांचा उपचार चालतो दोनेक वर्षं. म्हणजे शंभर मोठ्या माणसांना तारा लावल्या तर त्यातल्या सात-आठ जणांना त्या काळात तसंही दुखणारच होतं. त्याच अभ्यासात धोका वाढवणारं जे निघालं ते अंगात इतर ठिकाणी दुखणं, झोप नीट नसणं, ताण, याच जातीचं होतं.

‘जो डॉक्टर हे न करता तारा लावतो…’

हे म्हणजे काय, त्यावर अवलंबून आहे. मशीन आणि सहा महिने स्प्लिंट न करता लावतो तर ठीक करतो. पण जो सांध्याला हातही न लावता पहिल्याच भेटीत मापं घेतो, किंवा ऑनलाइन किट मागवून घरच्या घरी अलाइनर, म्हणजे तारांऐवजी घालायचे पारदर्शक साचे, देतो, त्याच्याबद्दल मेसेजवाल्याचं आणि माझं एकमत आहे.

तपासणीला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि एक पट्टी. आधी बोलणं: दुखतं का, कुठे, एका बोटाने दाखवा. सकाळी जबडा जखडतो का. कधी उघडा किंवा मिटलेला अडकलाय का. झोप कशी आहे. संधिवात आहे का, नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत का, कारण त्यातल्या काहींनी दात चावणं वाढतं. मग तोंड दुखणार नाही इतकं उघडा, पट्टीने मोजायचं, वरच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंत, चाळीस मिलिमीटरच्या आसपास किंवा पुढे असेल तर ठीक, पस्तीसच्या आत असेल तर विचारात पडायचं. उघडताना जबडा एका बाजूला जाऊन परत मध्ये येतो की तिकडेच राहतो ते बघायचं. मग गालाचे आणि कानशिलाचे स्नायू बोटाने दाबायचे, साधारण एक किलोच्या दाबाने, सांध्यावर अर्धा किलो. हा दाब हाताला कळावा म्हणून आम्ही डिजिटल वजनकाट्यावर बोट दाबून सराव करतो, माझ्या किचनमधला काटा त्यातच बिघडला बहुतेक. आणि दाबल्यावर ‘दुखलं का’ एवढंच विचारायचं नाही, ‘तुम्हाला नेहमी दुखतं ते हेच का’ हे विचारायचं. २०१४ च्या निकषांचा सगळा जोर याच प्रश्नावर आहे, कारण दाबलं तर कुणालाही दुखतं.

मेसेज जिथे बरोबरच्या अगदी जवळ येतो ती जागा आता. काही मोठ्या माणसांना दोन बाईट असतात. खालचा जबडा लहान असलेली माणसं, मुली जास्त करून, हनुवटी बरी दिसावी म्हणून किंवा नुसती सवय म्हणून जबडा पुढे धरून दात मिटतात, वर्षानुवर्षं, त्यांना स्वतःलाही माहीत नसतं. माझ्यासमोर खुर्चीत वरचे दात पाच मिलिमीटर पुढे दिसतात, मी त्याप्रमाणे प्लॅन करते, आणि तारा लावून वर्ष झाल्यावर स्नायू सैल पडले की जबडा मागे जातो आणि अंतर निघतं नऊ. पाच तारांनी होतं, नऊला कदाचित ऑपरेशनचं बोलणं करावं लागतं. हे आधी कळायलाच हवं. त्यासाठी पुढच्या दातांत कापसाची गुंडाळी देऊन काही मिनिटं बसवायचं, स्नायू सवय विसरले की जीभ टाळूला मागे लावून हळू मिटायला सांगायचं, पहिला दात कुठे टेकतो ते बघायचं, आणि मग घट्ट चावा म्हटल्यावर जबडा किती आणि कुठे घसरतो ते. मिलिमीटरभर घसरणं बहुतेक सगळ्यांना असतं, ते सोडून द्या. तीन-चार मिलिमीटर, किंवा एका बाजूला सरकून मिटणं, ते मोजून लिहायचं, शंका राहिली तर दुसऱ्या भेटीत परत, आणि एखाद्याला थोडे आठवडे स्प्लिंट देऊन स्नायू सैल करून पुन्हा मोजलं तरी माझी काही हरकत नाही. आर्टिक्युलेटर इथे कुणाला वापरायचा असेल तर वापरावा, विशेषतः ऑपरेशनचं प्लॅनिंग असेल तेव्हा. पण हा प्रश्न दात कुठे मिटतात याचा आहे, काँडाइल खोबणीत कुठे आहे याचा नाही.

आणखी एक, क्वचित पण भारी. तरुण मुलींमध्ये कधीकधी काँडाइलचं हाड आपोआप झिजत जातं, दुखेलच असं नाही. खूण एवढीच की बाईट बदलत जातो, पुढचे दात आधी टेकायचे ते आता टेकत नाहीत, हनुवटी मागे गेल्यासारखी दिसते. म्हणून मी पंचविशी-तिशीच्या मुलींना जुने फोटो आणायला सांगते, दहावीचं आयकार्ड, बहिणीच्या लग्नाचा अल्बम, बाजूने काढलेला असेल तर उत्तमच. एकीच्या अल्बममध्ये हनुवटी आजच्यापेक्षा स्पष्ट पुढे होती, तिला मी त्या दिवशी तारा लावल्या नाहीत, थ्रीडी स्कॅनला पाठवलं आणि काही महिन्यांनी परत तुलना करायची ठरवली, आणि संधिवाताच्या डॉक्टरांचं मतही मागितलं. झीज चालू असताना तारा लावल्या तर आपण सरळ करत राहतो आणि खालून पाया सरकत राहतो. तर स्कॅन अशांसाठी.

दुखणं चालू असेल तर आधी ते शांत करायचं, मऊ खाणं, शेक, व्यायाम, च्युइंगम बंद, मग तारा. आणि तारा चालू असताना दुखायला लागलं तर रबरं काढायची, काही आठवडे जोर थांबवायचा, परत तपासायचं.

ज्यांनी हा मेसेज वाचून स्प्लिंट आधीच सुरू केलाय त्यांच्यासाठी: दुखत होतं आणि आराम पडलाय, फक्त रात्री घालता, सकाळी काढल्यावर थोड्या वेळात दात नेहमीसारखे मिटतात, तर चालू राहू दे. चोवीस तास घालताय आणि तो काढल्यावर मागचे दात टेकत नाहीत, तर आजच ज्यांनी दिला त्यांना फोन करा आणि विचारा की हे अपेक्षित होतं का आणि पुढचा प्लॅन काय, लिहून मागा. उत्तर पटलं नाही तर दुसरं मत घ्या, बांबोळीच्या सरकारी डेंटल कॉलेजात तारांचा वेगळा विभाग आहे, तिथेही दाखवता येतं. स्कॅन झाला असेल तर त्याची फाईल मागून घ्या, फक्त कागदावरचा रिपोर्ट नको, म्हणजे परत काढायची वेळ येणार नाही. आणि ओपीजीवर लाल गोल केलेला असेल तर, कांडी आठवा.